दोन गंगा

दुपार कलली की देवयानीचे डोळे चुरचुरायला लागत, आणि मग स्क्रीनवरची सगळी नावं तिला एकसारखी दिसू लागत. काशीतल्या मराठी घरांमध्ये नावांची टंचाई असावी असं तिला अलीकडे वाटायचं. बायका म्हणजे गंगा, भागीरथी नाहीतर काशी. पुरुष म्हणजे विश्वेश्वर, दत्तात्रेय, बिंदुमाधव. आणि या सगळ्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवणं, किंवा योग्य त्यालाच योग्य त्याच्याशी जोडणं, हे तिचं काम होतं.

ती मूळची बनारसचीच. शेवड्यांची. नवरा बँकेत, सध्या बदलीवर गोरखपूरला. शहरातल्या एका संशोधन संस्थेत ती करारावर होती. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या आठवणी गोळा करायचा प्रकल्प होता. सुरुवातीला चार जण होते. दोघांना पुण्यात नोकऱ्या लागल्या, एकीचं लग्न झालं, आणि उरली देवयानी. मुलाखती तिनं घ्यायच्या, ऐकून उतरवून तिनंच काढायच्या, मग त्यांची छोटी छोटी टिपणं करून ती संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात टाकायची. एका टिपणात एक माणूस, किंवा एक प्रसंग, किंवा एक घर. टिपणाच्या खाली यंत्र आपणहून सुचवायचं: हे टिपण आणखी या या टिपणांशी संबंधित असावं. समोर दोन बटणं, ‘जोडा’ आणि ‘नको’. देवयानीनं दोन्ही टिपणं वाचायची, विचार करायचा, आणि बटण दाबायचं. हजारो टिपणं होती. रोज कितीही बटणं दाबली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सूचना येऊन बसलेल्या असत.

पावसाळ्याच्या तोंडावर निधी देणाऱ्यांची पाहणी ठरली. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. ऋतुराज तेव्हा तिच्या टेबलापाशी आले. वयानं तिच्याहून लहान, पण ती त्यांना सर म्हणायची आणि ते तिला देवयानीजी.

“देवयानीजी, जाळं फार विरळ दिसतंय,” ते म्हणाले. सगळी टिपणं ठिपके होऊन आणि जोडण्या रेषा होऊन एका चित्रात दिसायच्या. त्यालाच ते जाळं म्हणत. “पाहणीला लोक आधी ते चित्र बघणार. साठलेल्या सूचना एकदम स्वीकारून टाकू. चुका नंतर काढता येतील.”

“न वाचता, सर?”

“वाचायला किती महिने लागतील?”

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. सरांनी स्वतःच्या खात्यातून सगळं एकदम स्वीकारलं. चित्र क्षणात दाट झालं. पाहणी छान पार पडली, करार वर्षभर वाढला, आणि संग्रह सगळ्या लोकांसाठी खुला झाला. नंतर काढायच्या चुका तशाच राहिल्या.

मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला देवयानीनं आपापल्या टिपणाचा दुवा मोबाइलवर पाठवला. बहुतेकांनी हात जोडलेलं चित्र परत पाठवलं. एकानं मात्र टिपण उघडलं, नीट वाचलं, आणि खालचं ‘संबंधित’ही उघडलं. तो माणूस म्हणजे बिंदुमाधव काका.

बिंदुमाधव काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन रामनगरला राहत. पत्नी गेलेली, मुलगा बंगळूरला. मुलाखतीत त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली होती. वडील दत्तात्रेय लहान असताना साताऱ्याकडून आईबापांबरोबर ग्रहणाच्या स्नानाला काशीला आले. गर्दीत धाकट्या बहिणीचा हात सुटला. तिचं नाव गंगा. सहा-सात वर्षांची असेल. चार दिवस शोधलं, सापडली नाही, आणि घरचे लोक रडत परत गेले. दत्तात्रेय मोठा झाला तसा काशीला परत आला, इथेच नोकरी धरली, इथेच संसार केला. बहिणीची एकच खूण त्याला पक्की आठवत होती. डाव्या मनगटावर गोंदलेली तुळस.

आणि त्या टिपणाला जोडलेलं दुसरं टिपण होतं वीणामावशींच्या आईचं. वीणामावशी मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. आता एकट्या, दुर्गाघाटाच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. त्यांची आईही गंगा. लहानपणापासून घाटावरच्या एका अन्नछत्रात वाढलेली. आपलं गाव कुठलं, आईबाप कोण, हे तिला कधीच सांगता आलं नाही. यंत्रानं ‘गंगा’, ‘लहान मुलगी’, ‘घाट’, ‘कुणी नव्हतं’ असं सगळं जुळवलं होतं, आणि सरांच्या बटणानं ते पक्कं झालं होतं.

काकांनी देवयानीला काही विचारलं नाही. संग्रहात नाव होतंच, गल्लीत विचारत विचारत ते थेट वीणामावशींच्या दारात जाऊन उभे राहिले. देवयानीला कळलं ते दोन दिवसांनी, जेव्हा ते मिठाईचा डबा घेऊन ऑफिसात आले.

“बहीण मिळाली, बेटा,” ते म्हणाले. “बाबांची नाही मिळाली, पण तिची मुलगी मिळाली. माझी आतेबहीण!”

“काका, ते यंत्रानं...” देवयानी म्हणाली आणि थांबली. त्यांचा चेहरा तिनं पाहिला होता. “खूण विचारलीत तुम्ही?”

“पहिल्यांदा तेच विचारलं! ताई म्हणाली, आईच्या मनगटावर होतं काहीतरी हिरवं. म्हातारपणी पुसट झालं होतं.”

खूण जुळली म्हटल्यावर देवयानीला हायसं वाटलं. निदान एक जोडणी तरी न वाचता बरोबर निघाली होती. तिनं एक मिठाई खाल्ली आणि त्या दोन टिपणांमधल्या रेषेसमोर ‘तपासले’ अशी खूण केली.

त्या दिवाळीत भाऊबीजेला वीणामावशींनी तिलाही बोलावलं. जिना चढता चढता तिच्या कानावर मावशींचं हसणं पडलं. काका पाटावर बसले होते. एवढ्या उंच माणसाला पाट पुरत नव्हता, गुडघे छातीला लागले होते. मावशींनी त्यांना ओवाळलं. मावशींची अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आयुष्यातली पहिली भाऊबीज. निरांजन हलत होतं.

“नीट ओवाळ, ताई, मिशा जाळशील,” काका म्हणाले.

“तुला मिशा शोभतच नाहीत,” मावशी म्हणाल्या.

ओळख होऊन दोनच महिने झाले होते, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं. दर रविवारी काका रामनगरहून येत. येताना बाजारातून भाजी आणत, मावशींच्या घरातले नळ, पंखे, सैल झालेले खिळे दुरुस्त करत. मावशी त्यांना जेवायला घालून वर दोन नाट्यपदं ऐकवत. देवयानी त्या दिवशी घरी परतली तेव्हा बऱ्याच दिवसांनी तिला आपल्या कामाचा थकवा जाणवला नाही.

जानेवारी आला आणि शहर धुक्यात बुडालं. ऑफिसातला हीटर एकच, तोही सरांच्या खोलीत. देवयानी शालीत हात गुंडाळून न ऐकलेल्या मुलाखती ऐकत बसायची. आधीच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रित करून तशाच टाकलेल्या फाइली होत्या. त्यांतली एक यज्ञेश शास्त्र्यांची. अमृतराव घाटावर पौरोहित्य करणारे म्हातारे शास्त्री. मुलाखत झाली आणि वर्षाच्या आत ते गेले. फाइल लांबलचक होती. श्राद्धाचे विधी, यजमानांच्या वह्या, घाटावरची भांडणं. देवयानी ऐकत होती, टाइप करत होती, मध्येच मान मोडत होती. शेवटी शास्त्र्यांचा आवाज खाली गेला.

“हे आमच्या वडिलांनी त्यांच्या शेवटच्या आजारात सांगितलं. एका ग्रहणात घाटावर हैजा, म्हणजे कॉलरा, पसरला होता. आठ-दहा दिवसांनी एका नावाड्यानं खालच्या अंगाला सापडलेली एक मराठी पोर छत्रात आणून सोडली. तापानं फणफणलेली. छत्रात स्वयंपाक करणारी एक विधवा बाई होती, तिनं पोरीला कोठीघरात लपवून ठेवलं. सरकारला कळलं असतं तर छत्राला कुलूप लागलं असतं. पोर स्वतःला गंगी म्हणायची. ‘दत्तूला बोलवा’ एवढंच म्हणत राहिली. दोन रात्रींत संपली. वडील तेव्हा तरुण होते; त्यांनी आणि त्या बाईनं पहाटे तिला नदीत सोडलं. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. वडील म्हणायचे, हात एवढासा होता आणि त्यावर तुळस गोंदलेली.”

देवयानीनं ते उतरवलं. सवयीनं टिपण जतन केलं. यंत्रानं लगेच खाली सूचना दाखवली. हे टिपण बिंदुमाधव यांच्या आत्याच्या टिपणाशी संबंधित असावं. जोडा. नको.

या वेळी यंत्राचं बरोबर होतं.

 ती उठून सरांच्या खोलीत गेली आणि त्यांना सगळं सांगितलं. ऋतुराज सरांनी ऐकून घेतलं. त्यांच्यासमोरही अहवालांचा ढीग होता, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“चुकीची जोडणी काढून टाका. बरोबरची करा. दोन मिनिटांचं काम आहे.”

“आणि ती दोघं?”

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “चूक माझी आहे, मला मान्य आहे. पण खरं सांगू? दोघंही सत्तरीच्या पुढची आहेत. सुखात आहेत. कशाला सांगायचं?”

“बिंदुमाधव काका रोज ते पान उघडून बघतात, सर. रेषा गेलेली त्यांना दिसेल.”

“मग राहू द्या तशीच काही दिवस.”

“म्हणजे किती?”

त्यांनी वर पाहिलं. देवयानीला कळलं की ‘काही दिवस’ म्हणजे काय ते सरांना बोलून दाखवायचं नव्हतं. त्यांचा राग येण्याइतकंही बळ तिच्यात नव्हतं. ती जागेवर परत आली, आणि संध्याकाळपर्यंत तिनं एकही बटण दाबलं नाही.

आठवडाभर तिनं स्वतःशीच कारणं काढली. धुकं फार आहे. संक्रांत होऊ दे. संक्रांतीला वीणामावशींनी तिच्याकडे तिळगुळाची पिशवी दिली. “बिंदूला सर्दी झालीय, येऊ नको म्हटलंय मी. तू पुलापलीकडे जाणार असलीस तर देशील का?” नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही.

सामने घाटापर्यंत टोटोनं, म्हणजे बॅटरीच्या रिक्षानं, आणि पुढे पुलावरून ऑटोनं ती गेली. खाली नदी दिसत नव्हती. पांढऱ्या धुक्यातून फक्त एका मोटारबोटीचा आवाज येत होता. काका मफलर गुंडाळून ओसरीत शेगडीपाशी बसले होते. त्यांनी तिला चुडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, खायला घातलं, चहा दिला. तिनं तिळगूळ दिला. मग म्हणाली, “काका, एक ध्वनिमुद्रण सापडलंय. तुमच्या आत्याबद्दल असावं.”

“गंगाआत्याबद्दल? म्हणजे ताईच्या आईबद्दल?”

“नाही,” ती म्हणाली. “त्या दोघी वेगळ्या होत्या.”

त्यांनी शास्त्र्यांचा आवाज मोबाइलवर ऐकला. संपल्यावर म्हणाले, “परत लाव.” दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. शेगडीतला कोळसा तडतडला, त्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

“बाबा प्रत्येक ग्रहणाला घाटावर जाऊन उभे राहायचे,” शेवटी ते म्हणाले. “आम्हाला वाटायचं, स्नानाला जातात. पण ते पाण्यात उतरायचेच नाहीत. नुसते गर्दीकडे बघत उभे.” मग थोड्या वेळानं, “हे शास्त्र्यांनी केव्हा सांगितलं?”

“चार वर्षांपूर्वी मुलाखत झाली होती.”

“चार वर्षं तुमच्याकडे होतं हे?”

“हो.”

“आणि कुणी ऐकलं नाही.”

“नाही, काका. मी एकटीच आहे या कामाला. आधीच्यांनी ध्वनिमुद्रण करून ठेवलं, आणि...” तिचं तिलाच ते पुरेसं वाटेना. “नाही ऐकलं.”

 काका उठून आत गेले. वडिलांचा फोटो आत असणार, असं देवयानीला वाटलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज सरळ होता, कामावरच्या माणसासारखा.

“मग ताई म्हणाली ते काय? मनगटावर हिरवं होतं म्हणाली ती.”

“ते मला माहीत नाही, काका.”

“ठीक आहे. ताईला तुम्ही काही सांगू नका. मी सांगेन.”

पण त्यांनी सांगितलं नाही. रविवार आला आणि गेला. दुसराही गेला. देवयानीच्या फोनवर वीणामावशींचं नाव झळकू लागलं. “बिंदू फोन उचलत नाही गं. बरा आहे ना?” देवयानी म्हणायची, सर्दी आहे. पुढच्या वेळी म्हणाली, मुलाकडे जायचं काहीतरी चाललंय बहुतेक. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मावशींचा आवाज बारीक झाला होता. “माझं काही चुकलं का, देवयानी?”

त्या दिवशी ऑफिसातून निघून ती दुर्गाघाटाच्या गल्लीत गेली. जिना चढून वर गेली तर मावशी खिडकीशी बसल्या होत्या. पुढ्यात तानपुरा होता, पण गवसणी काढलेली नव्हती. देवयानीनं शाल सोडली नाही, चहाला नको म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. लहान मुलगी, ताप, कोठीघर, पहाट. बोलताना तिला वाटलं, हेच मी आधी का नाही केलं? आणि त्याच वेळी वाटलं, अजूनही हे मला करावं लागायला नको होतं.

मावशी ऐकत होत्या. रडल्या नाहीत. फक्त शेवटी विचारलं, “गोंदलेलं होतं म्हणतेस. तुळस?”

“हो.”

“माझ्या आईच्या हातावर काही नव्हतं,” त्या म्हणाल्या.

देवयानी त्यांच्यासमोर खाली बसली.

“कधीच नव्हतं. मीच तिला शेवटची आंघोळ घातली. मला तिच्या हातावरचा प्रत्येक डाग पाठ आहे.” मावशींनी तानपुऱ्याच्या गवसणीची नाडी ओढली आणि पुन्हा बांधली. “तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, मनगटावर काही होतं का? एवढा मोठा माणूस, आणि लहान मुलासारखा बघत होता गं. मी नाही म्हणणार होते. तोंडातून निघालं, होतं काहीतरी हिरवं. मग तो जिन्यातच खाली बसला. त्यानंतर नाही कसं म्हणणार?”

“मला सांगायचं होतंत, मावशी.”

“तू विचारलंस?”

हेही खरं होतं. देवयानीनं ‘तपासले’वर खूण केली होती आणि तपासलं काहीच नव्हतं. सरांना वेळ नव्हता, तिला वेळ नव्हता, मावशींना कुणी नव्हतं. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं.

“माझी आई त्याच छत्रात होती ना, तेव्हा?” मावशींनी विचारलं. “ती स्वयंपाकीण विधवा बाई. आईलाही एका तशाच बाईनं वाढवलं. आई तिला माई म्हणायची. तीच असेल का ती?”

“असेल. पण घाटावर दोन-तीन छत्रं होती. नाव कुठेच नाही.”

“मग तसं जोड की. आईनं त्या पोरीला पाहिलं असेल, पाणी दिलं असेल.”

“मावशी, पुरावा नाही,” देवयानी म्हणाली. “आता मी पुराव्याशिवाय काही जोडणार नाही.”

मावशींनी मान हलवली. राग आला की पटलं, ते तिला कळलं नाही. मग त्या भिंतीला धरून उठल्या. “ऑटो बोलाव. माझे गुडघे तेवढे सांभाळ.”

गल्लीतून ऑटोपर्यंत यायलाच त्यांना तीनदा थांबावं लागलं. मग पूल ओलांडून त्या रामनगरला पोहोचल्या. काकांनी दार उघडलं आणि दारातच उभे राहिले. आत या म्हणाले नाहीत.

“मी खोटं बोलले,” मावशी तिथेच म्हणाल्या. “देवयानीचा दोष नाही, यंत्राचाही नाही. माझ्या आईच्या हातावर काही नव्हतं.”

काकांनी आधी देवयानीकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. “मी बाबांच्या फोटोपुढे दिवा लावून सांगितलं होतं,” ते म्हणाले. “सापडली म्हणून सांगितलं. तुम्ही एकदा इथे आला होतात, समोर बसला होतात, तेव्हा.”

‘तुम्ही’ ऐकून मावशींनी चौकटीला हात टेकला.

“का केलंत असं?”

“एकटीला कंटाळा आला होता, बिंदू. दुसरं काय सांगू?”

रस्त्यावरून भाजीची हातगाडी गेली. गाडीवाल्यानं ओळखीनं काकांना हाक मारली. काकांनी त्याला हात केला आणि तो पुढे जाईपर्यंत तसेच थांबले. मग बाजूला झाले. “उभ्या राहू नका. गुडघे दुखतील. बसा आत.”

आत फार काही झालं नाही. काकांनी पाणी दिलं. मावशींनी ते सावकाश प्यायलं. कुणी रडलं नाही, कुणी कुणाला माफ केलं असंही म्हणालं नाही. काकांनी सांगितलं की त्यांनी शास्त्र्यांच्या मुलाला विचारलं आहे. इतक्या लहान मुलीचं श्राद्ध नसतं, पण तिच्या नावानं पाणी सोडता येतं. माघ संपता संपता, घाटावरची गर्दी ओसरल्यावर, अमृतराव घाटावर ते पाणी सोडणार होते.

“मी येऊ?” मावशींनी विचारलं.

काकांनी पाण्याचा पेला उचलून ठेवला. “पायऱ्या फार आहेत,” ते म्हणाले.

“आहेत खऱ्या.”

“बरं. या.”

त्या सकाळी ऊन निघालं होतं. हिवाळ्यातल्या त्या उन्हाला जोर नव्हता, पण दगड थोडे कोमट झाले होते. देवयानीनं सुट्टी काढली होती. खालच्या पायरीवर पुरोहितानं दर्भ, तीळ, तांब्याचं भांडं मांडलं होतं. तरुण होता, शास्त्र्यांचा नातू. त्याला मराठी समजायची, पण बोलायचा हिंदीत.

“नाम?”

“गंगा.”

“आपकी?”

“आत्या. बुआ.”

गोत्र झालं. पुरोहितानं मावशींकडे पाहिलं. त्या वरच्या पायरीवर देवयानीच्या खांद्याला धरून उभ्या होत्या. “और माताजी? इनका भी संबंध है कुछ?”

देवयानीला वाटलं, काका आता काय म्हणतील? काकांनी मान वर केली नाही. ओंजळीतले तीळ नीट केले.

“साथ आई हैं,” ते म्हणाले.

पुरोहितानं मान डोलावली आणि मंत्र सुरू केला. काका गुडघाभर पाण्यात उतरले. पाणी सोडताना त्यांच्या तोंडून काहीतरी निघालं. मंत्र नव्हता तो. ‘दत्तू आला’ असं काहीतरी देवयानीला ऐकू आलं. पण समोरून मोटारबोट आवाज करत चालली होती, नक्की सांगता आलं नसतं. वीणामावशींनीही हात जोडले. त्या कुणासाठी जोडले, हे तिनं विचारलं नाही.

वर चढताना मावशींना फार त्रास झाला. मध्यावर त्या बसूनच राहिल्या. काका ओल्या धोतरात थोडं वर जाऊन थांबले, मग परत खाली आले आणि हात पुढे केला. “चला, ताई. अशा बसून राहिलात तर गुडघे आखडतील.” मावशींनी हात धरला. घाटाच्या वर एका टपरीवर तिघांनी चहा घेतला. बोलणं झालं ते पंख्याबद्दल. मावशींकडचा पंखा अजून खडखडत होता, आणि काका म्हणाले की बेअरिंग गेलं असेल, येताना घेऊन येईन. कधी येणार ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मावशींनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवयानी ऑफिसात गेली. तिनं जुनी रेषा काढली आणि नवी जोडली. वीणामावशींच्या आईचं टिपण आता एकटंच पडलं होतं. चित्रात एका कोपऱ्यात सुटा ठिपका. मग ती सरांच्या खोलीत गेली.

“सर, एकदम स्वीकारलेल्या सगळ्या जोडण्या मला परत वाचायच्या आहेत.”

“सगळ्या?” ऋतुराज सरांनी खुर्ची मागे सरकवली. “देवयानीजी, करार उन्हाळ्यात संपतोय. पुढचं काही नक्की नाही.”

“माहीत आहे. होतील तेवढ्या वाचेन.”

त्यांनी स्क्रीनवरच्या चित्राकडे पाहिलं. “जाळं पुन्हा विरळ होईल.”

“होईल,” ती म्हणाली.

सरांनी नाही म्हटलं नाही. हीटर हवा असेल तर घेऊन जा, एवढंच म्हणाले. देवयानी तो उचलून आपल्या टेबलाखाली घेऊन आली, पाय जवळ घेतले, आणि यादीतलं पहिलं टिपण उघडलं. भागीरथी नावाची एक बाई होती, भोसले घाटाशेजारच्या घरातली, आणि तिला जोडलेली दुसरी एक भागीरथी. ती वाचू लागली.